उत्तराआधी वाजा

बेसा भागातल्या राजीबाईच्या पायविहिरीवर फोटो काढायला लोक कुठून कुठून येतात. लग्न ठरलेली जोडपी तर इतकी, की रविवारी सकाळी पायऱ्यांवर जागेसाठी तंटे होतात. एक जोडपं खांबाला टेकून लाजत असतं, तोवर दुसरं मेकअपवाल्याच्या नावानं बोटं मोडत असतं. वर काळ्या ग्रॅनाइटची पाटी आहे. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय की पागेदार घराण्याची सून राजीबाई हिने, विहिरीला पाणी लागत नाही हे पाहून, गावाच्या भल्यासाठी स्वखुशीने तळाशी उतरून, वर चढणाऱ्या पाण्यात जलसमाधी घेतली. पाटी बसवली जितेंद्र पागेदारांनी. विहिरीला लागून त्यांचीच नवी स्कीम उभी राहते आहे, तिचं नाव ‘राजी रेसिडेन्सी’. एका बाईचा जीव गेला आणि तिच्या नावावर टू बीएचके विकले जातायत, यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

पुष्पलतालाही वाटत नव्हतं. तिला उलट अभिमान होता, आणि तोही असातसा नव्हे.

पुष्पलता राहते विहिरीमागच्या गल्लीत. नवऱ्याची, देवरावची, शाळेच्या पोरांची व्हॅन आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत हिचं फॉल-पिकोचं दुकान. गल्लीच्या तोंडाशी महापालिकेची निळी पाटी आहे, तिच्यावर ‘भक्तीपुरा’ लिहिलंय. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मात्र अजून ‘बटकीपुरा’च बसलेला. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई, हे काही कोणाला सांगावं लागत नाही. घरोघरी भांडणात तो शब्द निघतोच. पण आपल्याच गल्लीच्या नावात तो काय करतो आहे, हा प्रश्न गल्लीत कधी कोणी विचारला नाही. जुन्या लोकांची जीभ जड, भक्तीचं बटकी झालं असेल, असं म्हणून सगळे मोकळे.

या गल्लीत पुष्पलताच्या घराला मान होता, राजीचा मान. पागेदारांकडे मुलाचं लग्न झालं की नवी सून घरात पाऊल टाकायच्या आधी सगळं वऱ्हाड विहिरीवर येतं. पुष्पलताच्या घरची बाई पायऱ्या उतरून पाण्याशी जाते. तिच्या कमरेला दोर बांधलेला असतो आणि दोराचं दुसरं टोक नवरदेवाच्या बापाच्या हातात. त्या दोराला दावं म्हणतात. पाय घसरला तर धरायला, असं सांगतात. मग वरून तीनदा विचारतात, “राजी हायेस का?” तिसऱ्यांदा विचारलं की ढोल-ताशांचा वाजा सुरू होतो, खालची बाई म्हणते, “राजी.” वरून तिच्या अंगावर हिरवं लुगडं टाकतात. त्यानंतर सून पाण्याची ओटी भरते आणि घरी जाते.

पुष्पलताच्या सासूनं, रंभाबाईनं, हा मान जन्मभर सांभाळला आणि मरायच्या आधी सुनेच्या पदरात टाकला. सासू सांगायची, “आपल्या घरची पहिली बाई घोड्यायसंगं आली होती.” पागेदारांचा मूळपुरुष भोसल्यांची पागा सांभाळायचा, तेव्हा घोडे असणारच. पुष्पलतानं मनातल्या मनात त्या पहिल्या बाईला घोड्यावर बसवलं होतं, नऊवारीचा कासोटा मारलेली, हातात लगाम घेतलेली. लेकीला लहानपणी झोपवताना तिनं त्याच बाईची गोष्ट सांगितली होती.

आता पागेदारांच्या ऋषिकेशचं लग्न निघालं होतं आणि पुष्पलताच्या मनात होतं की यंदा मान भूमिकानं घ्यावा. भूमिका तिची एकुलती एक लेक. प्रताप नगरातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. ज्यांना ऐकू येत नाही त्या पोरांना आरशासमोर बसवून ती ओठ वाचायला शिकवत असे. घरीही जेवता जेवता बापाच्या तोंडाकडे पाहून सांगायची, “बाबा, तुम्ही ब नीट म्हनत नाही.”

“मी नाही उतरनार त्या इहिरीत,” ती म्हणाली. “कमरेले दावं बांधून? मी काय त्या पागेदाराची बटीक आहो का?”

“असं बोलू नोको वं. मान आहे तो. अख्ख्या गल्लीत कोनाले नाही, आपल्याले आहे.”

“मान असता तं लुगडं हातात देलं असतं ना. वरून फेकते काहून?”

“फेकत नाही, टाकते,” पुष्पलता म्हणाली. पण हे म्हणताना तिचं तिलाच जरा कसंतरी झालं.

चार दिवस मायलेकींत धुसफुस चालली. देवराव दोघींच्या मध्ये पडला नाही. तो माणूस व्हॅनमध्ये वीस पोरांचा गोंगाट शांतपणे सहन करतो, पण घरात दोन बायांचा आवाज चढला की चप्पल घालून बाहेर जातो. शेवटी पुष्पलतानं लेकीचे हात धरले.

“हो ना वं राजी एकदाची. माह्यासाठी. शोभाताईची सून टपूनच आहे. आपन नाही म्हटलं तं मान तिच्या घरी जाईन.”

भूमिकानं आईकडे पाहिलं. आईचे डोळे भरलेले होते, आणि त्यापुढे तिचं काही चालत नसे. “बरं,” ती म्हणाली. “पन एकदाच. तुह्यासाठी.”

लेक राजी झाली म्हणून पुष्पलतानं त्या दिवशी गोडाचं केलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवर तालीम होती. पूर्वी असलं काही नसायचं, पण आता कार्यक्रमाची फिल्म बनणार होती आणि ती स्कीमच्या जाहिरातीत जाणार होती. भूमिकाची शाळा होती, तेव्हा दाखवायला पुष्पलताच गेली. पायऱ्यांवर तारांची जाळी पसरलेली, खांबांना पिवळे दिवे लटकलेले. पाण्याच्या पलीकडच्या अंगाला, बाईचं तोंड दिसेल असा कॅमेरा लावला होता. आजवर तिचं तोंड कोणी पाहिलंच नव्हतं, कारण सगळे वर उभे आणि ती पाण्याकडे तोंड करून. आवाजाचं काम दुर्गेश नावाच्या माणसाकडे होतं. त्यानं पुष्पलताच्या पदराच्या आत बोंडाएवढा माइक अडकवला.

“काकू, खाली जाऊन एकडाव म्हना बरं. वाज्याबिगर.”

ती उतरली. शेवटच्या पायरीवर उभी राहून गोड आवाजात म्हणाली, “राजी.” रिकाम्या विहिरीत तो शब्द छान घुमला.

“एकदम क्लियर!” दुर्गेश वरून ओरडला. “आता वाज्यासंगं घेऊ.”

जितेंद्र पागेदार दोर धरून उभे होते. माणूस हसतमुख, अंगानं भरलेला, कोणालाही नावानं हाक मारणारा. त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्याबरोबर ढोल-ताशांनी असा दणका दिला की पुष्पलताच्या पायाखालची पायरी हादरली. ती म्हणाली, “राजी,” आणि तिचा आवाज तिलाच आला नाही.

वाजा थांबला. दुर्गेशनं कानावरचे हेडफोन काढले. “सर, गडबड होऊन राहिली. वाजा आधी सुरू होते, काकूचं उत्तर दबून जाते. आधी उत्तर होऊ द्या, मंग वाजा वाजवा ना.”

“नाही बे. वाजा आधीच वाजते. बापजाद्यापासून तसंच आहे.”

“पन सर, उत्तर आयकूच येत नाही.”

जितेंद्ररावांना मनापासून हसू आलं. “अबे, उत्तर कोनाले आयकाचं आहे? उत्तर तं माहीतच आहे ना!”

त्या विहिरीची एक खोड आहे. वर हळू बोललेलं खाली अगदी कानाशी बोलल्यासारखं येतं. पुष्पलतानं ते वाक्य ऐकलं. आधी तीही हसली, सवयीनं. मग तिचं हसू तोंडावरच वाळलं.

उत्तर हो असेल तर ते ऐकायला काय हरकत आहे? गावासाठी एक बाई आपणहून जीव देते, हो म्हणते, तर तो शब्द सगळ्या पंचक्रोशीला ऐकू जावा म्हणून माणसं श्वास रोखून उभी राहतील. वाजा थांबवतील. वाजा आधी वाजवायचा तो एकाच कारणानं, खालून जे ओरडणं येणार ते कोणाच्या कानावर पडू नये म्हणून. जत्रेत बोकड कापतात तेव्हाही ढोलच वाजवतात.

तिनं कमरेकडे पाहिलं. दावं. दावं कोणाला बांधतात? बाजारातून आणलेल्या जनावराला. माणसाला धरायचं तर हात धरतात. आणि सासूचं ते बोलणं, आपल्या घरची पहिली बाई घोड्यायसंगं आली. घोड्यावर बसून आली असं सासू कधीच म्हणाली नव्हती. घोड्यांसंगं. घोडे विकत घेतले, त्यांच्यासंगं एक बाई विकत घेतली. मागे तिची गल्ली झाली, बटकीपुरा, आणि एवढी वर्षं त्यात राहून पुष्पलतानं त्या बाईच्या हातात लगाम दिला होता! लगाम तर तिच्या कमरेला होता.

आणि राजी? राजी हे कुठल्या बाईचं नाव होतं? राजी हायेस का, हा प्रश्न होता. बाईला तयार आहेस का म्हणून विचारलं, तिचं उत्तर ढोलाखाली गाडलं, आपल्याला हवं ते उत्तर तिच्या तोंडी घातलं आणि पुढे तेच तिचं नाव करून टाकलं. राजीबाई! खरं नाव ठेवलंच नाही. आता तर तिला पागेदारांची सूनही करून घेतलं होतं. सून होती तर दावं बांधून घ्यायला, उत्तर द्यायला बटकीपुऱ्यातली बाई कशाला लागते? पागेदारांनी स्वतःच्या घरची बाई कधी या पाण्यात उतरवली होती? इथे उतरवली ती हीच, घोड्यांसंगं विकत आणलेली पहिली बाई.

पुष्पलताचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. पाणी हिरवं होतं, त्यावर वेफरची पाकिटं आणि प्लास्टिकच्या गुलाबाच्या पाकळ्या तरंगत होत्या. आजवर हे पाणी तिनं तीर्थ म्हणून तोंडाला लावलं होतं.

“पुष्पाताई, झकास!” वरून जितेंद्रराव म्हणाले आणि त्यांनी दावं जरा ओढलं. प्रेमानंच ओढलं. ती वर आली.

घरी येऊन तिनं आधी चूळ भरली. मग परत भरली. तोंडातून तो शब्द जाईना. कपाटातून तिनं मानाची लुगडी काढून पलंगावर टाकली. किती मिरवली होती ती! नातेवाइकांच्या लग्नात, मकरसंक्रांतीच्या वाणाला, “पागेदाराकडचं आहे हो,” असं सांगत. फॉल लावताना बायांच्या शेकडो साड्या तिच्या हातांखालून गेल्या होत्या, पण या लुगड्यांना हात लावायची आज तिला किळस आली. एका मेलेल्या बाईच्या तोंडातला शब्द चोरायची ही मजुरी होती आणि ती घरपोच आणून, धुऊन, घडी घालून ठेवली होती.

सगळ्यात मोठी किळस तिला दुसऱ्याच गोष्टीची आली. हो ना वं राजी एकदाची. हेच शब्द तिनं लेकीला म्हटले होते, डोळ्यांत पाणी आणून. लेकीचं ‘नाही’ तिनं ऐकलं होतं आणि आपल्या रडण्याखाली दाबलं होतं. जितेंद्ररावाला ढोल तरी लागला.

संध्याकाळी भूमिका आली तेव्हा आई लुगड्यांच्या ढिगाजवळ बसलेली.

“तू उतरू नोको,” पुष्पलता म्हणाली. मग तिनं लेकीला सगळं सांगितलं, वाज्याचं, दाव्याचं, घोड्यांचं. भूमिका ऐकत गेली आणि मग आईच्या शेजारी बसली.

देवरावला मात्र ते पटलं नाही. “असन काही बाही जुनं. आता तं चांगलंच म्हनते ना लोकं? पूजा करते तिची. आन समज, नाही म्हटलं आपन. पागेदार थांबनार आहे का? शोभाताईच्या ताराले उतरवन. ते तं एका पायावर तयार आहे.”

आणि हे खरंच होतं. मान नाकारला तर दावं फक्त दुसऱ्या कमरेला जाणार होतं. पुष्पलतानं त्यावर रात्रभर विचार केला नाही, तिला भाजी निवडता निवडताच सुचलं.

“उतरते मी,” ती म्हणाली. “आन खरं उत्तर देते. माइक लावला आहे ना त्यायनं? आयकू दे मंग एकडाव सगळ्यायले.”

लग्नाच्या दिवशी विहीर दिव्यांनी लखलखत होती. पायऱ्यांवर झेंडूच्या माळा, वर जरीचे फेटे, कडेला नवी सून मयुरा शालूच्या वजनानं वाकून उभी. पोरगी बिचारी कसल्या घरात पडते आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तिला कोणी काही विचारलंही नव्हतं. दुर्गेशनं माइक लावला. जितेंद्ररावांनी स्वतःच्या हातानं दाव्याची गाठ मारली आणि म्हणाले, “सैल आहे ना ताई? टोचत तं नाही?” या आपुलकीचीच तिला जास्त शिसारी आली. गुंडानं दावं बांधलं असतं तर निदान ओरडता आलं असतं.

ती उतरली. समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. मागून पहिल्यांदा विचारलं, “राजी हायेस का?” दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. वाजा फुटला. पुष्पलतानं छाती भरून श्वास घेतला आणि समोरच्या लाल दिव्याकडे पाहून सगळा जीव एकवटून ओरडली,

“मले मंजूर नाही!”

परत ओरडली. परत. घशाच्या शिरा ताणून. ढोल वाजत राहिले, ताशे वाजत राहिले, वरून फुलं पडली. माणसं टाळ्या पिटत होती. तिनं वळून पाहिलं. सगळ्या वऱ्हाडात एकाच माणसाचा चेहरा पडला होता, हेडफोन लावलेल्या दुर्गेशचा. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग मालकाकडे पाहिलं, मग मान खाली घालून तो आपल्या यंत्राची बटणं पाहत बसला.

हिरवं लुगडं वरून आलं आणि तिच्या खांद्यावर पडलं. तिनं ते झटकून पाण्यात टाकलं. “अरे, हातातून निसटलं ताईच्या!” कोणीतरी म्हणालं, आणि पागेदारांच्या गड्यानं काठीनं ते बाहेर ओढलं. पिळून, पिशवीत घालून त्यांनी ते रात्री घरी पोचतंसुद्धा केलं.

वर आल्यावर ती जितेंद्ररावांपुढे उभी राहिली. “मी राजी नाही म्हटलं,” ती म्हणाली.

“हो हो,” जितेंद्रराव म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष पाहुण्यांकडे होतं. “मस्त म्हटलं. जेवून जा बरं का.”

आता उरला होता तो एक माइक. पुष्पलता स्वतःला समजावत होती की माणसांनी नसेल ऐकलं, यंत्रानं तर ऐकलं आहे. फिल्म येऊ दे.

फिल्म आली. जितेंद्ररावांनी ती गल्लीच्या ग्रुपवर टाकली आणि शोभाताई, तिची सून तारा, आणखी चार बाया ती मोठ्या टीव्हीवर पाहायला पुष्पलताच्याच घरी जमल्या. मान तिच्या घरचा, तेव्हा पाहायचा तो तिथेच. शाळेतून भूमिका आली होती आणि तिच्यासोबत मिनल. मिनल त्याच शाळेत चित्रकला शिकवायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण समोरच्याचे ओठ दिसले की ती अख्खं भांडण समजून घ्यायची. पुष्पलतानं तिला ताट वाढून टीव्हीसमोर बसवलं.

पडद्यावर विहीर आली, दिवे आले, वरून काढलेली स्कीमची इमारत आली. मग पुष्पलताचा चेहरा, जवळून, भिंतीएवढा. तिसरा प्रश्न झाला. वाजा सुरू झाला, पण बारीक, कुठेतरी लांब गेल्यासारखा. आणि त्याच्यावर स्वच्छ, गोड, घुमणारा आवाज आला:

“राजी.”

“अगंबाई! कित्ती छान म्हटलं वं!” शोभाताई म्हणाली.

पुष्पलताला आपला आवाज ओळखू आला. रिकाम्या विहिरीत, वाज्याबिगर, एकदम क्लियर म्हणून घेतलेला. तो तिच्या तोंडावर आणून चिकटवला होता. तिच्याच तोंडावर, तिचाच शब्द.

“हे मी म्हटलं नाही,” ती म्हणाली.

“अवं, आता तं आयकलं आम्ही.”

“तो तालमीतला आवाज आहे. त्या दिवशी मी म्हटलं का मले मंजूर नाही. तीनदा म्हटलं. ओरडून म्हटलं!”

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. देवराव समजावणीच्या सुरात म्हणाला, “वाज्याचा गोंगाट होता ना. तुले आठवत नसन बराबर. फिल्ममधी तं साफ आयकू येते.”

पुष्पलतानं पडद्याकडे पाहिलं. तिचं बोलणं खोटं आहे याची साक्ष तिचाच आवाज देत होता. त्या पहिल्या बाईचंही असंच झालं असणार, तिला वाटलं. फक्त तिला हे पाहायला जिवंत ठेवलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

शोभाताईनं तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा चेहरा, पुन्हा “राजी.” तेव्हा मिनलनं घास खाली ठेवला. तिनं भूमिकाच्या दंडाला हात लावला, टीव्हीकडे बोट केलं आणि दोन्ही हातांनी भरभर काहीतरी विचारलं. भूमिका उठून उभी राहिली.

“काय म्हनते वं ते?” शोभाताईनं फिल्म थांबवून विचारलं.

“ते म्हनते, सगळ्या हसून काहून राहिल्या? काकू रागानं ओरडून राहिली.” भूमिका टीव्हीजवळ गेली. “मिनलले आवाज येत नाही. तिले फक्त ओठ दिसते. ते म्हनते, आईचे ओठ मिटले. दोनदा मिटले.”

“मंग?”

“ओठावर बोट ठेवा आन राजी म्हना. म्हना ना.”

बायांना आधी ही काय थट्टा, असं वाटलं. मग शोभाताईनं बोट ओठांवर ठेवलं आणि म्हणाली, “राजी.” ताराही म्हणाली. खोलीभर बाया ओठांवर बोट ठेवून राजी, राजी म्हणत होत्या, आणि एकीचेही ओठ एकमेकांना लागत नव्हते.

“आता म्हना, मले मंजूर नाही.”

त्या म्हणाल्या. मले म्हणताना ओठ मिटले. मंजूर म्हणताना परत मिटले. शोभाताईचं बोट तसंच ओठांवर राहिलं. तिनं टीव्हीकडे पाहिलं. थांबलेल्या चित्रात पुष्पलताचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. देवरावनंही पाहिलं. त्यानं या वेळी चप्पल घातली नाही.

मग तारानं विचारलं. पुढच्या खेपेला आपल्याला मान मिळेल म्हणून टपलेली ती पोरगी, तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

“मंग राजीबाईचं खरं नाव काय होतं वं, काकू?”

“मालूम नाही,” पुष्पलता म्हणाली. “तीनदा इचारलं तिले, पन नाव कोनी इचारलं नाही. राजी नव्हती ते, येवढंच मालूम आहे.”

तारानं शोभाताईच्या हातातून रिमोट घेतला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.